आधी जनरेटरला हात लावून बघा

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी नागपूरला धरमपेठेत राहतो. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली आहे, आणि मी व माझा धाकटा भाऊ मिळून एक जुनी क्रूझिंग बोट घ्यायच्या विचारात आहोत. ऑक्टोबर ते मे अलिबाग, मुरुड, जमलं तर गोव्यापर्यंत फिरायचं. आई 74 वर्षांची आहे. तिला समुद्राची फार ओढ, पण दमट उकाड्यात तिचा जीव कासावीस होतो, म्हणून रात्रभर एसी चालायलाच हवा. दोन बोटी पाहिल्या. पहिली मुंबईत मुरिंगवर (धक्क्यापासून दूर, पाण्यातल्या बोयाला बांधलेली), 38 फूट, बारा वर्षांची, दोन एसी, 6 केव्हीएचा डिझेल जनरेटर, मीटरवर 420 तास. दुसरी गोव्यात धक्क्याला, 36 फूट. तिच्यात जनरेटर नाही; लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि 800 वॉटचं सोलर आहे. मालकानं दुपारभर एसी चालवून दाखवला, आवाज अजिबात नाही. आम्हाला दुसरी आवडली. लागलाच तर एक पेट्रोलचा छोटा जनरेटर सोबत ठेवू. योग्य होईल का?

उत्तर : तुमच्या पत्रात आई नसत्या, तर मीही दुसरीच घ्या म्हटलं असतं. दोघा भावांना एखादी रात्र एसीशिवाय काढावी लागली तर डेकवर चटई टाकून निभावेल. आईंच्या बाबतीत तसं चालणार नाही. तेव्हा बोट कोणती देखणी हे बाजूला ठेवा आणि नांगर टाकल्यावर लागोपाठ तीन रात्री एसी कुठली बोट चालवेल तेवढंच बघा.

हिंगण्याला दुकान टाकण्याआधी चौदा वर्षं मी मुंबईत बोटींवरची वीज आणि जनरेटर हेच काम केलं. नागपूरहून बोट घ्यायला येणाऱ्यांना एक गोष्ट मी आधी समजावत असे. आपला उकाडा कोरडा. नवतप्यात पारा 45 च्या वर गेला तरी वाळ्याच्या ताटीवर पाणी सोडलं की खोली गार होते, कारण आपली हवा तहानलेली असते. समुद्रावरची हवा आधीच पाण्यानं भरलेली. तिथे कूलर लावला तर नुसती ओल वाढते, गारवा येत नाही. म्हणून एसीला पर्याय नाही, हे तुमचं बरोबर आहे.

पण बोटीवरचा एसी घरच्यासारखा नसतो. घरी खोलीतली उष्णता बाहेरचा पंखा हवेत फेकतो. बोटीवर तीच उष्णता पंपानं ओढलेलं समुद्राचं पाणी घेऊन जातं. जनरेटरचं इंजिनही शेवटी समुद्राच्याच पाण्यानं थंड होतं. म्हणजे एवढ्या सगळ्या यंत्रणेचा जीव बोटीच्या तळाची दोन-तीन भोकं, त्यांवरचे कॉक, गाळण्या आणि तळहातात मावेल एवढ्या एका रबरी इंपेलरवर, म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकावर अवलंबून. ‘एसी बंद पडला’ म्हणून मला जितक्या वेळा बोलावलं गेलं, त्यातल्या बहुतेक वेळा बिघाड विजेत नव्हताच. पाणी अडलेलं असायचं.

एक रात्र सांगतो. काशीदसमोर नांगरलेली बोट, एप्रिल महिना, आत दोन लहान मुलं आणि त्यांची आजी. जनरेटर चाळीस मिनिटं चालायचा आणि तापून बंद पडायचा. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा चाळीस मिनिटं. महिनाभरापूर्वीच एका वर्कशॉपनं इंपेलर नवा बसवला होता, म्हणून मालकाला वायरिंगचा संशय. रात्री एकला टॉर्च दातात धरून मी पंपाचं झाकण उघडलं. इंपेलर नवा कोरा, सहाही पाती शाबूत. मग हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे समुद्राच्या पाण्यानं इंजिन थंड करणाऱ्या नळ्यांच्या डब्याचं, टोपण काढलं. आत नळ्यांच्या तोंडाशी काळ्या रबराचे दोन तुकडे आडवे बसलेले, नखाएवढे जाड, आणि त्यांच्यामागे मिठाचा पांढरा थर. पक्कडीनं ते काढले. तिसरा तुकडा होजच्या वळणात सापडला. जुन्या इंपेलरची तीन पाती तुटली होती. वर्कशॉपनं नवा बसवला, पण तुटलेली पाती गेली कुठे हे पाहिलंच नाही. पाणी निम्मंच जात होतं. तुकडे निघाल्यावर जनरेटर सकाळपर्यंत एकदाही थांबला नाही. त्या आजी पहाटे पांघरूण मागत होत्या, ते मला अजून आठवतं. जुना इंपेलर काढला की पाती मोजायची, कमी भरली तर शोधून काढल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

आता तुमची पहिली बोट. बारा वर्षांत 420 तास म्हणजे वर्षाला 35 तास. विकणारा हे कौतुकानं सांगेल, मला त्यात काळजी वाटते. उभं राहून जनरेटर जास्त खराब होतो. आतलं खारं पाणी तिथेच साचतं, रबर एका बाजूला दबून कडक होतं, इंजिनाऐवजी स्वतः गंजणारी झिंकची कांडी संपली तरी कोणी बघत नाही आणि एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर-पाणी बाहेर नेणारा वाकडा पाइप, आतून गंजून बुजत जातो. शिवाय एकट्या मीटरवर विसंबू नका. 2024 च्या मे महिन्यात आपल्या नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. आपण नागपूरकरांनी तरी एका आकड्यावर भरवसा ठेवू नये. तेल आणि फिल्टर बदलल्याच्या पावत्या मागा, त्यांवरचे तास मीटरशी जुळवून बघा.

बोट बघायला एप्रिल-मेच्या भर दुपारी जा. डिसेंबरात कुठलाही एसी चांगलाच वाटतो. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत काहीही चालू करू नका. पोहोचल्यावर चहा-पाणी नंतर, आधी जनरेटरच्या कव्हरच्या आत हात घालून इंजिनाला तळहात लावा. गरम लागलं तर समजा, सुरू व्हायला त्रास देतो म्हणून सकाळीच तापवून ठेवलाय. थंड असेल तर सुरू करायला सांगा आणि बाहेर एक्झॉस्टकडे बघा. थोड्याच वेळात धुराबरोबर पाणी उसळलं पाहिजे. नाही आलं तर लगेच बंद करायला लावा.

मग एक एसी, तो स्थिरावला की दुसरा, मग बॅटरी चार्जर. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजणारा) जवळ ठेवा किंवा तो वापरणारा इलेक्ट्रिशियन सोबत न्या. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या तीन-चार पट, कधी त्याहूनही जास्त झटका घेतो. त्या क्षणी दिवे किती मंदावतात ते बघा. व्होल्टेज 230 च्या आसपास परत येऊन टिकलं पाहिजे आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, लोडवर 50 च्या जवळ. हे सगळं निदान दोन तास चालू द्या. काशीदची ती बोट पहिली चाळीस मिनिटं उत्तम चालत होती. दोन तासांनी जनरेटर बंद करा आणि गरम असतानाच पुन्हा सुरू करून बघा.

त्या वेळात डेकवरून खाली वाकून एसीच्या पाण्याची धार बघा. ती बोटीच्या कुशीतून सलग, अंगठ्याएवढी जाड पडायला हवी. अडखळत पडत असेल तर गाळणी तुंबलीय, आत शिंपल्यांची कवचं वाढलीत किंवा पंप हवा धरतोय. मुंबई बंदराच्या पाण्यात गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या इतक्या, की गाळणी रोज उघडावी लागते. ती कुठे आहे, वाकून तिथवर हात पोहोचतो का, हे स्वतः करून बघा. जी गाळणी काढायला बिछाना उचलावा लागतो ती कोणी साफ करत नाही.

तुमच्या जनरेटरची ताकद पुरते का? 6 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरनं साधारण 4.8 किलोवॉट. हॉलमधला 16,000 बीटीयूचा, म्हणजे सव्वा टनाहून थोडा मोठा एसी दीडेक किलोवॉट घेईल, आईंच्या केबिनमधला छोटा 0.9, पाण्याचा पंप 0.1, चार्जर 0.8. झाले 3.3. त्यात 1.2 चा गिझर लावला की 4.5, म्हणजे अगदी काठावर. गिझर आणि दोन्ही एसी एकत्र नकोत, बाकी पुरतं. उलट दुसरी चूक लोक जास्त करतात : रात्रभर एकच छोटा एसी एवढ्या जनरेटरवर ठेवतात. डिझेल इंजिन दिवसेंदिवस तीस टक्क्यांच्या खाली चालवलं की कार्बन धरतं, सिलिंडरचे लायनर गुळगुळीत होतात आणि तेल खायला लागतं. रात्री एकच एसी असेल तर चार्जरही चालू ठेवा, तेवढाच इंजिनावर भार राहतो.

दुसऱ्या बोटीबद्दल. मालकानं एसी दुपारभर चालवला तेव्हा धक्क्यावरून बोटीत येणारी जाड केबल लावलेली होती का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बोट धक्क्याला होती म्हणजे असणार. ती काढायला सांगा आणि मग चालवायला सांगा. मुंबईत बहुतेक बोटी मुरिंगवर असतात, तिथे केबल येणार कुठून?

बॅटरी 24 व्होल्ट, 400 अँपिअर-अवरची आहे असं धरून हिशोब करतो. तुम्ही तिच्यावरचं लेबल बघून खात्री करा. ती साधारण 10 युनिट झाली, निर्धास्त वापरायची ती 8. इन्व्हर्टर एसी पंपासकट सरासरी 600 वॉट घेत असेल तर रात्री नऊ ते सकाळी सहा 5.4 युनिट. फ्रिज, पंखे, दिवे मिळून आणखी एक. पहिली रात्र आरामात जाते. सकाळी बॅटरीत वापरता येण्याजोगे जेमतेम दीड युनिट उरतात. 800 वॉटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला तीन-साडेतीन युनिट देईल, आणि शिडाची, डोलकाठीची सावली पडली की त्याहून कमी. त्यातलंही निम्मं फ्रिज आणि बाकीची उपकरणं दिवसा घेणार. दुसऱ्या रात्री एसी पहाटेच्या आधीच बंद पडतो. रोज दोन-तीन तास मुख्य इंजिन चालवून मोठ्या अल्टरनेटरनं भरणार असाल तर गोष्ट वेगळी. पण नांगर टाकून दोन दिवस एकाच खाडीत राहायचं तर ते इंजिनही उभ्या बोटीत घरघरत ठेवावं लागेल. बॅटरीची शांतता खरंच सुखाची असते. मला स्वतःला ती पद्धत आवडते, आणि ज्यांचा मुक्काम रोज धक्क्याला असतो त्यांना मी तीच सुचवतो.

पेट्रोलच्या छोट्या जनरेटरला माझा साफ नकार आहे. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डेकवर मागे ठेवला तरी वाऱ्यानं धूर वळून केबिनमध्ये येतो, आणि एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या असतात. झोपलेलं माणूस जागंच होत नाही. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड, ती उतरून बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. लोडशेडिंगच्या दिवसांत नागपुरात दुकानांच्या पायरीवर हे जनरेटर चालायचे, म्हणून आपल्याला त्यांची भीती वाटत नाही. पण ती पायरी उघड्या रस्त्यावर होती. डिझेल जनरेटर असला तरी प्रत्येक झोपायच्या केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. आईंच्या केबिनमध्ये आधी.

तर पहिली बोट घ्या, पण अटीवर. दोन तासांची दुपारची चाचणी ती पार करत असेल, आणि हीट एक्स्चेंजरची सफाई, नवा एल्बो, इंपेलर, झिंक, सगळे होज हा खर्च मालक किमतीतून वजा करत असेल तर. चाचणीला नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तळ तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसाळ्यात मुंबईच्या बहुतेक बोटी तशाही बाहेर काढतात. जूनमध्ये व्यवहार ठरला तर तळाची भोकं आणि कॉक तुम्हाला जमिनीवर उभं राहून बघता येतील, चाचणी मात्र मेमध्येच उरकून घ्या.

प्रश्न : अमरावतीचे एक वाचक विचारतात : अमेरिकेत बांधलेली जुनी बोट कोचीत स्वस्तात मिळते आहे. तिची वीज 60 सायकलची (सेकंदाला 60 आवर्तनांची) आहे. आपल्याकडच्या धक्क्यावरच्या विजेवर तिचे एसी चालतील का?

उत्तर : तिच्या स्वतःच्या जनरेटरवर चालतील, कारण तोही 60 सायकलचाच असतो. धक्क्याची आपली वीज 230 व्होल्ट, 50 सायकल. नुसत्या 60 साठी बनलेला 230 व्होल्टचा कॉम्प्रेसर तीवर लावला तर तो जास्त करंट ओढून तापतो; 50 सायकलवर त्याला खरं तर 192 व्होल्टच मानवतात. पाण्याचा पंपही सहाव्या हिश्श्यानं हळू फिरतो, म्हणजे तापायला आणखी एक कारण. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, सायकल बदलत नाही. सायकल बदलणारा कन्व्हर्टर वेगळा आणि महाग. पण घाबरून सोडून देऊ नका. प्रत्येक एसीच्या अंगावर एक पाटी असते, बहुधा मागच्या बाजूला धुळीनं झाकलेली. ती पुसून फोटो काढा. तीवर 50/60 असं दोन्ही लिहिलं असेल तर ते यंत्र दोन्हीवर चालतं. मग फक्त व्होल्टेज जुळतं का एवढंच बघायचं राहतं. पंपाची पाटी वेगळी असते, तिचाही फोटो घ्या.