कडा न झिजलेले बोल्ट

"मॅडम, ६५ हजार भरायची आमची तयारी आहे. कोर्स चांगला आहे ना, तेवढं सांगा."

पोराच्या करिअरचा सल्ला घ्यायला सुदामानगरहून माझ्याकडे आलेल्या या ताईंच्या हातात एका खासगी संस्थेचं चकचकीत माहितीपत्रक होतं. टू-व्हीलरचा ६ महिन्यांचा 'डिप्लोमा', नोकरीची हमी. शेजारी दहावी झालेला मुलगा, नखांत काळं. इंदूरच्या आमच्या मराठी घरांत पोरगा मेकॅनिक होतोय म्हटलं की चेहरे उतरतात. या आईनं ते गिळलं होतं, पण बदल्यात तिला निदान 'डिप्लोमा' हा शब्द हवा होता. आणि फी भरपूर म्हणजे कोर्स भक्कम, हा हिशेब तर बहुतेक पालकांचा असतोच.

मुलाला विचारलं, काय काय येतं? मामाच्या गॅरेजमध्ये त्यानं दोन सुट्ट्या घालवल्या होत्या. प्लग, चेन सेट, क्लच प्लेट, कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलून साफ करणं, सगळं धडाधड सांगितलं.

"माझी स्कूटर २०२१ची आहे. तिचा कार्बोरेटर कुठे असेल?"

तो हसला. "तिच्यात नसतोच. चावी फिरवल्यावर दोन सेकंद घूंऽऽ आवाज येतो ना, तो पंपाचा."

"आणि नाही आला तर?"

इथे गाडी अडली. "मामा शोरूमला पाठवतो."

एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि नव्या दुचाक्यांत कार्बोरेटरची जागा जवळजवळ सगळीकडे सेन्सरवर चालणाऱ्या फ्युएल इंजेक्शननं घेतली. पंपापर्यंत करंट पोचतोय का, सेन्सर काय सांगतोय, हे मल्टिमीटर (करंट-व्होल्टेज मोजायचं यंत्र) आणि स्कॅनर (गाडीतल्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावून शोधावं लागतं. मामाची विद्या जिथे संपते तिथून पुढे नेणारी जागा आम्हाला शोधायची होती.

सरकारी आयटीआयमधला मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड २ वर्षांचा, दहावीवर मिळतो. सर्टिफिकेट देशभर चालतं, पुढे स्टायपेंडवर अप्रेंटिसशिप करता येते, पॉलिटेक्निकची वाटही बंद होत नाही. फी त्या ६५ हजारांच्या जवळपासही नाही. दुचाकीचा वेगळा ट्रेडही आहे, पण तो सगळीकडे नसतो. "यात कारच जास्त," म्हणून पोरानं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, वायरिंगचा डायग्राम वाचायला शिकलास की चाकं किती, याला महत्त्व राहत नाही.

दोन्ही ठिकाणी बॅच चालू असताना जाऊन या, असं सांगितलं. तिथं फक्त बघायचं: एका गाडीभोवती किती पोरं आणि पाना कोणाच्या हातात. खासगीवाल्यांना एवढंच विचारायचं की सर्टिफिकेट कोणाचं, आणि मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलता येईल का.

आठवड्यानं दोघं परत आली. ताईंनी एसी वर्गापासून सुरुवात केली. मान्यतेचं 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले होते, जुन्या मुलांचे नंबर नंतर देतो म्हणाले होते. पोरानं मध्येच तोडलं.

"आई, तिथलं इंजिन लाल-पिवळं रंगवलेलं होतं. एकाही बोल्टची कड झिजलेली नव्हती. कोणी खोललंच नाहीये ते."

"आणि आयटीआयमध्ये?"

"तिथं बोल्ट पार गोल झालेत. फरशीवर ऑइल. सर ओरडत होते."

बोल्ट गोल होणं काही कौतुकाचं नाही, चुकीचा पाना लावला की होतं ते. पण पाना लावला तरी होता. बाकी तिथेही सगळं छान नव्हतं: इंजेक्शनची मोटरसायकल एकच, उरलेला माल जुना. म्हणून ठरलं ते असं: आयटीआय, रविवारी मामाकडे, आणि वाचलेल्या पैशांतून आत्ता एक बरा मल्टिमीटर. स्कॅनरचं पुढच्या वर्षी बघू.

आयटीआय प्रवेशाचं चॉइस फिलिंग, म्हणजे पसंतीक्रम भरणं, झालं, नंबर लागला. परवा ताईंचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा शंका. त्यांना विचारायचं होतं, ८ नंबरचे सेफ्टी शूज कुठे बरे मिळतात. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "सासरी मी 'ऑटोमोबाइल लाइन' म्हणून सांगितलंय हां."