रविवार नको, सोमवार बघ

प्रिय बेटा,

नवी मंडळी, म्हणजे चर्च, सुरू करण्याबद्दलचा तुझा मेसेज दोनदा वाचला. अकरा प्रश्न आहेत, मोजले मी. त्यातल्या दहांची उत्तरं देणार नाहीये, ती तुला माहीत आहेत, तुला फक्त माझ्या तोंडून ऐकायचीत. खरी गोची शेवटच्या प्रश्नात आहे, ऐकायचं कुणाचं. दोन अनुभवी पाळकांना, म्हणजे पास्टरना, भेटलास, एक म्हणाला घराघरात छोट्या सभा सुरू कर, हॉलच्या भानगडीत पडू नको, दहा-बारा जण झाले की एकाच्या दोन कर. दुसरा म्हणाला आधी एक जागा धर, तीन-चार कुटुंबं पक्की कर, पाच वर्षं हलू नको. दोघांनीही मंडळ्या उभ्या करून दाखवल्यात, त्यामुळे खोटं कुणालाच म्हणता येईना. आणि मग वैतागून ती ओळ टाकलीस की पाचारण प्रभूने दिलंय तर मी कुणाच्या हाताखाली कशाला जाऊ, प्रेषित पौलाने तरी कुणाला विचारलं होतं.

बायबलमधल्या पौलाच्या गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय उघड परत. आपण कुणा माणसाची मसलत घेतली नाही हे पौल सोळाव्या वचनात म्हणतो, आणि तिथेच तू शास्त्र (बायबल) मिटलंस. अठरावं वाच. ३ वर्षांनी तो यरुशलेमेला गेला आणि येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ १५ दिवस राहिला. राहिला, कळलं का? भाषण ऐकून परतला नाही, त्याच्याजवळ राहिला. १५ दिवसांत शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा उपासनेचा दिवस, येऊन येऊन किती येणार, दोन, फार तर तीन. बाकीचे सगळे साधे दिवस, म्हणजे पेत्र सकाळी उठल्यावर कसा असतो, दारात आलेल्या माणसाशी कसा बोलतो, हे त्याने बघितलं असणार. पुढच्या अध्यायात १४ वर्षांनी तो परत जातो आणि आपली धावपळ व्यर्थ तर नाही ना हे तपासायला आपली सुवार्ता तिथल्या मोठ्यांपुढे मांडतो. हा तुझा कुणालाही न विचारणारा पौल.

मला एकच गोष्ट सांगायची आहे, रविवार बघू नको, सोमवार बघ. सोमवारी बऱ्याच पाळकांची सुट्टी असते म्हणून हसू नको, तुझ्या माणसाचा सोमवार मंगळवारी येत असेल तर मंगळवारी जा. पण उपासना संपून खुर्च्या उचलल्यावर त्याचं काय चालतं ते बघ.

आता माझं ऐक, जरा लांबेल.

मी सुरुवात करत होतो तेव्हा एका वडीलधाऱ्या पाळकांच्या मंडळीत दर रविवारी वही घेऊन पुढच्या रांगेत बसायचो. त्यांचे मुद्दे, त्यांनी थांबायच्या जागा, हात कसा वर करतात, सगळं उचललं होतं. ही माझी थट्टा करायची की घरात पण तू त्यांच्यासारखाच खोकतोस. त्यांनी मला तीन वेळा सांगितलं, सोमवारी ये. मी गेलो एकदाच.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती, आदल्या दिवशी कोण आलं नाही त्याची, सात नावं. पहिल्या नावाच्या घरी गेलो. आजारी म्हातारे आतल्या खोलीत आणि त्यांचा धाकटा भाऊ बाहेर, त्याला हे सगळं अजिबात मान्य नव्हतं, त्याने आम्हाला बसा पण म्हटलं नाही. पाळक उभेच राहिले. मग त्या भावाच्या हातात कसलासा फॉर्म होता, तो त्याला भरता येत नव्हता, तो यांनी मागून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून अर्धा तास भरत बसले. शास्त्र पिशवीतून काढलंच नाही. आत जाऊन म्हाताऱ्यांचा पाय दाबला, निघालो. रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, प्रार्थना केली नाहीत? ते म्हणाले, आज त्या घरात प्रार्थना केली असती तर संध्याकाळी म्हाताऱ्यांना ऐकून घ्यावं लागलं असतं.

मला ते भित्रे वाटले. खरं सांगतो, मनात म्हटलं, यांची आग विझलीय. परत सोमवारी गेलो नाही, रविवारी मात्र वही घेऊन हजर.

वर्षाभरात मी माझी मंडळी सुरू केली. निघताना त्यांनी एकच सांगितलं होतं की अर्पणाची पेटी एकट्याकडे ठेवू नको आणि मोजताना तू त्या खोलीत पण थांबू नको. मला राग आला, म्हणजे हे मला चोर समजतात की काय. दोन वर्षांत १४ कुटुंबं झाली. पेटी माझ्याकडे, मोजणारा मी, लिहिणारा मी. आणि एक दिवस मंडळीतल्या एका भावाने भर सभेत विचारलं की हिशोब कुणी बघितलाय का. ४ महिन्यांत ५ कुटुंबं उरली.

माझा हिशोब चोख होता. एक पैसा इकडचा तिकडे नव्हता, ती वही आजही माझ्या कपाटात आहे, कुणीही येऊन बघावं. ज्याने विचारलं त्याला दुसरंच काहीतरी सलत होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मी स्वतःच्या खिशातून किती घातलं ते तर मी वहीत लिहिलंच नाही. असो. वही कितीही चोख असली तरी ती माझ्याशिवाय कुणी उघडलेली नव्हती, एवढं कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय मी तोवर दहा वेळा शिकवला असेल. पौल वर्गणी पोचवायला आपला सहकारी तीत याला एकट्याला पाठवत नाही, सोबत आणखी दोन भाऊ देतो, आणि कारण पण सांगतो, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. शिकवलं मी, केलं नाही.

नंतर कुणाकडून तरी कळलं की त्या पाळकांकडे दर सोमवारी दोघं जण टेबलावर अर्पण मोजायचे आणि ते स्वतः बाहेर पायरीवर टेबलाकडे पाठ फिरवून बसायचे. मी आणखी एखाद्या सोमवारी गेलो असतो तर ते डोळ्यांनी दिसलं असतं, आणि मग त्यांचं बोलणं मला अपमान वाटलं नसतं. सांगितलेलं टोचतं रे, बघितलेलं अंगात उतरतं. म्हणून डोकं खातोय तुझं, सोमवार बघ.

मी ती मंडळी सोडली नाही हेही सांगून ठेवतो. त्या ५ कुटुंबांबरोबर राहिलो, २६ वर्षं झाली. लोक म्हणतात हट्ट होता, असेल.

आता तुझे ते दोन पाळक. कोण बरोबर हे मला विचारू नको, आणि त्यांनाही विचारू नको, दोघंही आपापल्या पद्धतीची बाजूच मांडणार. पहिल्याकडे जा आणि तो स्वतः हजर नसतो त्या घरातली सभा कोण चालवतं, कशी चालवतं ते बघ. दुसऱ्याकडे जाऊन त्या पाच वर्षांत कोण कोण सोडून गेलं आणि त्यांच्याशी आज बोलणं आहे का ते विचार. पौल करिंथात १८ महिने राहिला, इफिसात ३ वर्षं, थेस्सलनीकात दंगा झाला म्हणून थोडक्या दिवसांत रातोरात निघावं लागलं. माणूस तोच, आणि पद्धत कुठली म्हणायची?

तू म्हणशील एवढा वेळ कुठाय, आमच्या पिढीला घाई आहे वगैरे. चीनमधला अमेरिकन मिशनरी जॉन नेव्हिअस, त्याचं नाव ऐकलं असशीलच. कोरियातल्या तरुण मिशनऱ्यांनी १८९० मध्ये त्याला सोलला बोलावून घेतलं, तोवर चीनमध्ये त्याची ३६ वर्षं झाली होती. तो राहिला जेमतेम २ आठवडे. बाहेरच्या पैशावर पगारी प्रचारक ठेवायची जुनी रीत कुठे गोत्यात आणते हे तो आधीपासून लिहीत होता, मंडळीने आपला खर्च आपण उचलावा, इमारत आपल्या पैशाने बांधावी, हे त्याचं म्हणणं, आणि त्यांनी ते धरून ठेवलं. म्हणजे २ आठवडे पण पुरतात, पण अंडरवूडसारखे मिशनरी तेव्हा तिथे ५ वर्षं आधीच राबत होते, काय विचारायचं ते त्यांना माहीत होतं. तुला अजून नाही, राग मानू नको.

पौलाच्या काळातला उपदेशक अपुल्लोस, त्याचं बघ. बोलण्यात तुझ्यासारखाच जोरदार. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोने त्याला सभास्थानात (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात) ऐकलं, कमी काय आहे ते कळलं, पण चारचौघांत उठून टोकलं नाही, आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. चूक त्याची सभास्थानात दिसली आणि दुरुस्त झाली घरात. (प्रिस्किल्लेला विसरू नको, तू फक्त पुरुषांचीच यादी केलीयस. त्या दोन्ही पाळकांच्या बायकांशी बोल, सोमवार त्यांना जास्त माहीत असतो.)

आणि हो, एखादा मोठा माणूस स्टेजवर मिठी मारतो पण घरी येऊ देत नसेल, किंवा तुला नुसता गाडी चालवायला आणि फोटो काढायला ठेवत असेल, तर नम्रपणे बाहेर पड. हाताखाली जाणं म्हणजे गडी होणं नव्हे. पण हे कारण मिळालं म्हणून लगेच सुटका करून घेऊ नको, तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझाच आहे.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे यायचं असेल तर सोमवारी ये, साडेसातला मी निघतो, उशीर झाला तर थांबणार नाही. पहिलं घर आहे त्याच भावाचं, ज्याने भर सभेत हिशोब विचारला होता. गेल्या वर्षीपासून तो दार उघडतो. बोलत नाही अजून, मीही बोलत नाही, तूही काही बोलू नकोस, आणि शास्त्र पिशवीतच राहू दे.

तुझा,
प्रभूमध्ये वडील भाऊ