चिऱ्याच्या जमिनीतली विहीर

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं छोटं घर आहे, माणसं चार. जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. विहिरीचा व्यास किती धरावा, आतून काँक्रीटच्या रिंगा घालाव्यात का, आणि काम कधी काढावं? शेजारची विहीर मार्चमध्येच आटते.

उत्तर : आधी जलस्रोत खात्याची परवानगी घ्या, २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्यानुसार ती लागतेच. खोदाई एप्रिलच्या मध्याला काढा आणि पावसाआधी संपवा. जांभ्यात पाणी लवकर मुरतं आणि तितक्याच लवकर उताराला निघून जातं. डिसेंबरात लागलेल्या पाण्यावर थांबलेली विहीर उन्हाळ्यात आटणारच. मे महिन्याच्या पातळीखाली आणखी दोन मीटर तरी जा.

आतून दोन मीटर व्यास पुरे. त्यात दोन मीटर पाणी म्हणजे सुमारे ६,२८० लिटर. माणशी १३५ लिटर धरले तरी तुमची रोजची गरज ५४० लिटर. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) शिंपायचं असेल तर अडीच मीटर धरा.

खरी अडचण चिऱ्याखाली आहे. तिथं पांढरट-पिवळट मऊ माती लागते. कोरडी असेतो ती कुदळीने सुखाने निघते, पाणी लागलं की लोण्यासारखी सरकते. मोकळी खणली तर ती आत ढासळते आणि वरचा चिरा अधांतरी राहतो. आत उतरलेल्या माणसांच्या जिवाला धोका असतो तो इथेच. घट्ट चिऱ्याला अस्तर नसलं तरी चालेल, या मातीत मात्र रिंगा हव्यातच. रिंगेखालची माती चहूबाजूंनी सारखी काढा. एकच बाजू पोखरली की रिंग कलते आणि अडकून बसते. दर रिंगेला ओळंबा धरा. पाण्यातल्या रिंगा भोकांच्या घ्या, बाहेरच्या फटीत खडी भरा. तळाशी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, सर्वांत वर मोठी खडी, असे १५-१५ सेंटिमीटरचे थर द्या. हे थर टाळले की पाणी दुधाळ येतं आणि तळ गाळाने भरत जातो.

वरच्या तीन मीटरमधल्या रिंगांमागची फट काँक्रीटने बंद करा, म्हणजे पावसाचं गढूळ पाणी थेट आत येणार नाही. शौचालयाचा शोषखड्डा किमान १५ मीटर दूर आणि विहिरीच्या खालच्या अंगाला असावा.

उपसा करताना डिझेल पंप विहिरीत कधीही उतरवू नका. त्याचा धूर खाली साचतो आणि माणूस गुदमरून मरतो.

काम झाल्यावर विहीर उपसून तासाभरात पाणी किती चढतं ते मोजा. दोन मीटरच्या विहिरीत २० सेंटिमीटर म्हणजे तासाला साधारण ६३० लिटर. मे महिन्यात एवढं मिळालं तर उत्तम.

प्रश्न : विहिरीचं पाणी स्वच्छ दिसतं, तरी लोखंडी पाइप गंजून गळतात. असं का?

उत्तर : जांभ्यातलं पाणी बहुधा आम्लधर्मी असतं, ते लोखंड खातं. पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) तपासून घ्या. तो ६.५ च्या खाली असेल तर पाइप पीव्हीसीचे बसवा. जस्ताचा मुलामाही अशा पाण्यात फार टिकत नाही. पिण्याचं पाणी चुनखडीच्या खड्यांच्या गाळणीतून घेतलं की आम्लता उतरते. खडे विरघळत जातात, तेव्हा अधूनमधून भर घालावी लागते.