१४,४०० ची ऑनलाइन ट्रॉली की लोहा मंडीतली ६,२०० ची?

काकू, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. इंदूरजवळ राऊच्या पुढे तुमचा प्लॉट, घरामागे बाग, दोघं पेन्शनवर, आणि काकांना स्लिप डिस्क होऊन गेलेली. शेणखत, माती, कुंड्या ओढायला ऑनलाइन एक चारचाकी ट्रॉली बघितलीत, १४,४०० ची, ३०० किलो पेलते म्हणे. सहा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ की जूनमध्ये संपणारी १ लाखाची एफडी आत्ताच मोडू, असं विचारताय. आणि जाताजाता लिहिलंय की लोहा मंडीतला वेल्डिंगवाला दोन चाकांची ६,२०० मध्ये बनवून देतोय पण ती "दिसायला अगदीच गावठी" आहे.

एफडीला हात लावू नका. वर्षाच्या एफडीचे दहा महिने झालेत, आता मोडली आणि बँकेने एक टक्का कापला तर साधारण ८३० रुपये तिथेच गेले, शिवाय व्याजाचा रेट पण दहा महिन्यांचा लागेल तो वेगळा. इतकीच अडचण असेल तर एफडीवर लोन घ्या ना, १२ हजार घेतले आणि साडेआठ टक्के धरले तरी दोन महिन्यांचं व्याज १७० रुपये होतं. पण सेव्हिंगमध्ये ४० हजार पडलेत असं तुम्हीच लिहिलंय, मग लोन तरी कशाला.

नो कॉस्टचं म्हणाल तर तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरच १९९ प्रोसेसिंग फी आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २३५ झाले. व्याज दुकानदार डिस्काउंटमधून भरून देतो हे खरं, पण त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याच कार्डावर लागतो. रक्कम मोठी नाहीये हो, पण पेन्शनमधून सहा महिने २,४०० जाणार आणि एखादा हप्ता चुकला की कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. एका ट्रॉलीसाठी डोक्याला हा ताप नको.

आता खरा हिशोब. माळ्याला ओढायच्या कामाचे दिवसाला ५०० देता, महिन्यातून दोनदा, म्हणजे वर्षाचे १२,००० वाचतील असं तुम्ही धरलंय. मी इतके नाही धरणार, कारण खड्डे खणायला आणि छाटणीला तो येणारच. वर्षाचे आठ दिवस वाचले असं धरू, ४,०००. मग ऑनलाइनवाली वसूल व्हायला साडेतीन वर्षांच्या वर लागतील, लोहा मंडीवाली दीड वर्षात. अर्थात दोन्ही तितक्या टिकल्या तर.

टिकण्यावरूनच माझी गोष्ट सांगते. मी पण अशीच एक हौसेने मागवली होती, प्लास्टिकचा ट्रे, छान हिरवा रंग. दुसऱ्या उन्हाळ्यात ट्रे तडकला, ते एकवेळ चाललं असतं, पण चाकात बोरीचा काटा गेला आणि त्या साइजची ट्यूब अख्ख्या सियागंज बाजारात मिळेना, एका दुकानदाराने तर सरळ सांगितलं, "भिया से बोलो नई ले आएँ." पावणेनऊ हजारांची वस्तू एका ट्यूबपायी गच्चीवर पडून आहे, तिच्यात आता पुदिना लावलाय. म्हणून माझं म्हणणं, वेल्डिंगवाल्याला ४.००-८ साइजचं चाक लावायला सांगा, ऑटोरिक्षाला तीच साइज असते, तेव्हा टायर, ट्यूब, पंक्चर सगळं नाक्यावर होतं. हवेचं चाक रुंद पण असतं, आपली काळी माती ओली झाली की बारीक चाक त्यात रुततं आणि मग बैल पण ओढणार नाही.

एकचाकी मात्र घेऊ नका, स्वस्त पडली तरी. तिच्यात वजनाचा साधारण तिसरा हिस्सा हातावर येतो, ६० किलो भरलं की २० किलो काकांच्या कंबरेवर. दोनचाकीत बोजा बरोबर एक्सलच्या वर येईल असा ट्रे बसवून घ्या, हाताला नुसतं ढकलायचं राहतं. ट्रेचा पत्रा १६ गेजचा म्हणा, नंबर जितका मोठा तितका पत्रा पातळ, त्यामुळे "२० गेज, एकदम मजबूत" असं कोणी म्हटलं तर हसून पुढे चला. चाकात बुश (नुसती नळी) नको, बॉल बेअरिंग टाकायला सांगा, दोनशे-तीनशे जास्त गेले तरी. आणि त्या ३०० किलोच्या आकड्याला भुलू नका, तो सपाट जमिनीवर उभ्या गाडीचा असू शकतो. तुमचा रोजचा बोजा किती हो? २० लिटरची बादली ओल्या मातीने भरली की ३० किलोच्या आसपास, तशा तीन म्हणजे ९०. त्याच्यावर तुम्ही दोघं भरणार पण नाही.

वर्षाला ४०० रुपये मेंटेनन्सचे बाजूला ठेवा. शेणखत किंवा युरिया वाहिला की त्याच दिवशी ट्रे धुवायचा, नाहीतर सांध्यातून गंज चढतो. ट्रेला खाली एक भोक पाडून घ्या म्हणजे पाणी साचणार नाही, पावसात उलटी करून ठेवा. बेअरिंगला सहा महिन्यांनी ग्रीस, जिथे रंग उडाला तिथे घासून रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि वर इनॅमल पेंट. हवा महिन्यातून एकदा बघा, टायरच्या बाजूला लिहिली असते तेवढीच, पंपावर पोरगा घाईत जास्त भरतो.

पाऊस जूनच्या मध्यापासून कधीही सुरू होईल, त्याआधी खत आत टाकायचं असेल तर ऑर्डर याच आठवड्यात द्या. ॲडव्हान्स निम्माच द्या, बाकी गाडी भरून, ढकलून बघितल्यावर. आणि जायच्या आधी मागच्या फाटकाची रुंदी मोजून कागदावर लिहून न्या, तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते मला जेमतेम अडीच फुटाचं दिसतंय.