न्यूरोसायन्सच्या पीएचडीला कोर्सवर्क असतं का? माझी एम.एस्सी. फिजिक्सची आहे.

हो, असतंच, आणि एम.एस्सी. झाली म्हणून ते सहसा माफ होत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या पीएचडी नियमावलीत किमान १२ क्रेडिट्सचं कोर्सवर्क सांगितलंय. संशोधन आणि प्रकाशनातल्या नीतिमत्तेचा कोर्स त्यातच येतो. निदान ५५ टक्के किंवा तेवढी ग्रेड मिळाली नाही, तर पुढे प्रबंध सादर करता येत नाही, त्यामुळे ही निव्वळ औपचारिकता समजू नका. विषय साधारण असे:

- पेशी आणि रेणूंच्या पातळीवरचं न्यूरोसायन्स
- मेंदूची शरीररचना
- सिस्टिम्स (मेंदूतल्या जाळ्यांचं) आणि कॉग्निटिव्ह (विचार, स्मृती वगैरेंचं) न्यूरोसायन्स
- स्टॅटिस्टिक्स, बहुतेक ठिकाणी थोडं प्रोग्रॅमिंगही

फिजिक्सवाल्यांना इलेक्ट्रोफिजिओलॉजी, म्हणजे पेशींमधल्या विद्युत संकेतांचा अभ्यास, सोपी जाते, कारण पेशीच्या पटलाचं गणित म्हणजे रोध आणि धारित्राचं सर्किटच. घाम फोडते ती शरीररचना. तिथे पाठांतराला पर्याय नाही. अमेरिकेत हेच विषय साधारण पहिल्या दोन वर्षांत, लॅब रोटेशनच्या (वेगवेगळ्या लॅबमध्ये थोडा थोडा काळ काम करण्याच्या) जोडीने होतात आणि मग पुढे जाण्यासाठीची क्वालिफाइंग परीक्षा असते.

मात्र १२ क्रेडिट्स ही किमान अट झाली. नेमके कोर्स संस्था आणि गाइड ठरवतात, आणि जीवशास्त्र न शिकलेल्यांना एखादा जादा कोर्सही घ्यायला लावतात. अर्ज करण्याआधी त्या विभागाचं माहितीपत्रक वाचाच.