बर्फावरचे पदक आणि नववीतली मुलगी

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून रोलर स्केटिंगच्या आर्टिस्टिक प्रकारात तिला राज्यस्तरीय पदके मिळाली आहेत. बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुली कमी असतात, म्हणून तिथे पदक लवकर मिळेल असे आम्हाला वाटते. तिला आईसोबत बर्फाचे रिंक असलेल्या गुरुग्रामला ठेवून १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करावी का? प्रशिक्षक म्हणतात, पुढे खेळाडू कोट्याचा उपयोग होईल. यंदा नाही तर कधीच नाही, असे वाटते. – एक पालक, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यात पदक आहे, कोटा आहे, घरभाड्याचा अंदाजही आहे. परंतु मुलीला बर्फावर उतरायचे आहे की नाही, याविषयी एक वाक्यही नाही. पत्रात लिहिलेले तिचे शाळेतले गुण मला मुळीच चिंताजनक वाटत नाहीत. चिंता वाटते ती या हिशेबाची, कारण ज्या खेळासाठी घर दोन शहरांत विभागले जाणार आहे, त्या खेळाचे बूट तिने अजून पायात घातलेले नाहीत. उद्या पदक हुकले, तर आईची नोकरी आणि घरातली ओढाताण यांचे ओझे चौदा वर्षांच्या मुलीच्या माथी येईल, आणि ते तिला कोणी बोलून दाखवण्याचीही गरज पडणार नाही.

आता आपला मुख्य गैरसमज. उष्ण हवामानाच्या देशात बारमाही बर्फ राखणे खर्चाचे असते, त्यामुळे आपल्याकडे सरावाच्या जागा मोजक्याच आहेत. सिमल्याचे रिंक थंडीपुरते चालते. डेहराडूनचे मोठे रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधले गेले आणि नंतर कित्येक वर्षे बंद पडून राहिले. गुरुग्रामचे रिंक मॉलमध्ये आहे. अशा स्थितीत एखाद्या वयोगटात स्पर्धक थोडे असणे स्वाभाविक आहे, पण म्हणून पुढची वाट सोपी होत नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी राष्ट्रीय क्रमांक पुरत नाही. उड्या, गिरक्या आणि पदन्यास यांच्या तांत्रिक गुणांची किमान पातळी गाठावी लागते, आणि तीही आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलेल्या स्पर्धेत. देशात पहिली आलेली मुलगी या पातळीच्या खाली असू शकते. भारताची राष्ट्रीय विजेती ठरलेली तारा प्रसाद अमेरिकेत जन्मली आणि तिथेच सराव करत आली, हेही ध्यानात घ्यावे. रोलरवरचा तोल, ताल आणि गिरकीची समज बर्फावर निश्चित उपयोगी पडते. मात्र बुटाखालच्या पात्याच्या आतल्या आणि बाहेरच्या धारेवर शरीर झुकवून वेग राखण्याचे कौशल्य जवळजवळ नव्याने कमवावे लागते. शिवाय दोन्ही खेळांच्या संघटना वेगळ्या आहेत, त्यामुळे रोलरवरची पदके तिकडे मोजली जात नाहीत.

कोट्याबाबत इतकेच, की राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण मान्यताप्राप्त खेळ, स्पर्धेचा दर्जा आणि प्रमाणपत्राची पडताळणी यांवर अवलंबून असते. चालू शासन निर्णय घेऊन विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात विचारावे. प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनावर घर हलवू नये. 'नीट' आणि 'सीईटी' या प्रवेशपरीक्षांचा मार्ग आपल्याला ठाऊक आहेच, आणि तो कुठेही पळून जात नाही.

माझे स्पष्ट मत असे, की गुरुग्रामचा बेत रद्द करावा. वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी किमान वय आता १७ वर्षे आहे. त्यामुळे 'यंदा नाही तर कधीच नाही' ही आपली घाई अनाठायी आहे. दहावी पुण्यातल्या शाळेतूनच होऊ द्यावी आणि तिचा रोलरचा सराव चालू ठेवावा. मात्र हे सारे तिच्याशी बोलल्यानंतरच, आणि तिने नकार दिला तर तो तिथेच मान्य करावा. तिला उत्सुकता असेल, तर मे महिन्याच्या सुट्टीत जे रिंक चालू असेल तिथे दोन-तीन आठवडे राहून भाड्याच्या बुटांवर शिकता येईल. तेवढ्या दिवसांत थंडी, पडणे आणि पहाटेचा सराव यांची तिला पुरेशी ओळख होईल, आणि पुन्हा जायचे की नाही हे तिचे तिला सांगता येईल.