कार्यालयीन पत्रात ‘करण्यात आले’ कुठे लिहावे आणि कुठे लिहू नये?

आपण विचारले आहे की कार्यालयातील वरिष्ठ प्रत्येक पत्र ‘करण्यात येत आहे’ या वळणाने लिहायला सांगतात, इंग्रजी लेखनाचे मार्गदर्शन मात्र ‘पॅसिव्ह टाळा’ असे बजावते, तेव्हा मराठीत नेमके काय करावे. मालवण तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेचा पत्रव्यवहार मी बावीस वर्षे सांभाळत आहे, त्या अनुभवावरून सांगतो. माझ्या मते यांतला कोणताही सल्ला मराठीला सरसकट लागू पडत नाही.

इंग्रजीत शब्दांचा क्रम बराचसा ठरलेला असतो, त्यामुळे कर्माला पुढे आणायचे तर क्रियापदाचे रूपच बदलावे लागते; हाच तो पॅसिव्ह. मराठीत ही अडचण नाही. ‘तलाठ्यांनी पंचनामा केला’ आणि ‘पंचनामा तलाठ्यांनी केला’ ही दोन्ही वाक्ये सरळ आहेत. दुसऱ्यात पंचनामा पुढे आला, तरी तलाठी वाक्यात आहेतच. शिवाय इथले क्रियापद मुळातच कर्माप्रमाणे चालते (पंचनामा केला, पाहणी केली, पत्र लिहिले), म्हणून आपले व्याकरण याच वाक्याला कर्मणी प्रयोग म्हणते. मालगुंडच्या केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या व्याकरणात प्रयोगांचा विचार विस्ताराने केलेला आहे. आपल्याला गोडी असेल तर तो जरूर वाचावा. शाळेत शिकलेला हा कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीतला पॅसिव्ह एकच समजल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. ‘करण्यात आला’, ‘केला गेला’ या रूपांचे मराठीतले मुख्य काम म्हणजे कर्त्याला वाक्याबाहेर ठेवणे. म्हणून ते रूप लिहिण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, की इथे कर्ता न सांगून चालेल का?

हा प्रश्न न विचारल्याने काय होते, ते मी मे २०२१ मध्ये अनुभवले. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि आमच्या सभासदांच्या होड्यांची दैना झाली. मी घाईने पत्र लिहिले: ‘वादळामुळे होड्या व जाळ्यांचे नुकसान झाल्याचे निदर्शनास आले असून, तातडीने पंचनामे करण्यात यावेत व योग्य ती मदत देण्यात यावी.’ हेच पत्र दोन कार्यालयांना पाठवले. नुकसान कोणी पाहिले, पंचनामे कोणी करायचे, मदत कोणी द्यायची, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती. दोन्ही कार्यालयांनी ते काम दुसऱ्याचे समजून पत्र दप्तरी ठेवले आणि आमचे दोन आठवडे गेले. मग मी पुन्हा लिहिले: ‘१८ मे रोजी सकाळी संस्थेच्या तीन संचालकांनी बंदरावर जाऊन पाहणी केली. अकरा होड्यांच्या फळ्या फुटल्या आहेत व चार इंजिनांत पाणी गेले आहे. मालकांची यादी सोबत जोडली आहे. आपल्या कार्यालयाने या होड्यांचे पंचनामे करावेत, ही विनंती.’ चौथ्या दिवशी माणसे पंचनाम्याला आली. त्या वेळी ज्यांच्या घरी चूल त्या होडीवरच पेटत होती, त्यांचे ते पंधरा दिवस माझ्या वाक्यरचनेमुळे वाया गेले, हे मी आजही विसरलेलो नाही.

त्या दुसऱ्या पत्रातील ‘फुटल्या’ हा शब्द मुद्दाम पाहावा. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे अशा जोड्या मराठीत तयार आहेत, त्यामुळे कर्ता नसलेल्या घटनेसाठी ‘फोडल्या गेल्या’ असे लिहावे लागत नाही. तसे लिहिले तर उलट कोणी तरी माणसाने येऊन त्या फोडल्या, असा वास येतो, आणि विम्याच्या दाव्यात तो महागात पडू शकतो.

कर्ता वगळणे जिथे योग्यच असते, अशा जागाही पुष्कळ आहेत. सभेच्या इतिवृत्तात ‘ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ हेच वाक्य बरोबर आहे, कारण कर्ता म्हणजे अख्खी सभा, आणि त्याखाली सूचक व अनुमोदक यांची नावे येतातच. कार्यपद्धती सांगतानाही तसेच: युरोपला जाणारा हापूस ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे बुडवून ठेवला जातो, हे वाचणाऱ्याला तापमान आणि वेळ हवी असते, बुडवणाऱ्या कामगाराचे नाव नव्हे. थकबाकीच्या पहिल्या पत्रात मी ‘तुम्ही हप्ता भरला नाही’ असे कधीच लिहीत नाही. ‘मार्चचा हप्ता अद्याप जमा झालेला नाही’ असे लिहितो. माणूस दर्याला गेलेला असू शकतो, घरात आजारपण असू शकते, आणि पहिल्याच पत्रात त्याच्याकडे बोट दाखवल्याने वसुली लवकर होते असे मला तरी आढळलेले नाही.

‘कडून’ मात्र जपून वापरावे. ‘तलाठ्यांकडून पंचनामा करण्यात आला’ यात कर्ता सांगायचाच आहे, तर ‘तलाठ्यांनी केला’ हे थेट आणि लहान आहे. ‘माझ्याकडून चूक झाली’ याची गोष्ट वेगळी. चूक हेतुपुरस्सर नव्हती हा अर्थ तिथे ‘कडून’मुळेच येतो, आणि दिलगिरीच्या पत्रात तो हवाही असतो.

हे वळण शासकीय आहे म्हणून पाळावे, असे आपले वरिष्ठ म्हणत असतील, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा एखादा मनाई आदेश त्यांना दाखवावा. त्यात ‘मी, जिल्हादंडाधिकारी, मला प्राप्त अधिकारांचा वापर करून’ अशी सुरुवात आढळते, कारण अधिकार वापरताना तो कोण वापरतो हे सांगणे भाग असते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसारही माहिती नाकारताना नुसते ‘नाकारण्यात येत आहे’ पुरत नाही. कारणे, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे, हे कळवावे लागते.

सगळी पत्रे एकदम बदलायला जाऊ नये. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान ‘आपल्या अर्जावर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य करते, तेव्हा तिथून सुरुवात करावी. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘आपला अर्ज १२ तारखेला मिळाला. २५ तारखेच्या सभेत सचिव तो संचालक मंडळापुढे ठेवतील आणि निर्णय त्याच आठवड्यात आपणांस लेखी कळवतील.’ वरिष्ठ बहुधा तारखेला हरकत घेतील. तेव्हा त्यांच्याशी बोलून पाळता येईल अशी तारीख घालावी, पण तारीख आणि सचिव, दोन्ही पत्रात राहू द्यावेत.